मेदाची कैफियत

मधुमेह, रक्तदाब आणि यकृतात साठणारी चरबी या रोगांची चर्चा निघाली की आपल्याकडच्या सुशिक्षित मंडळींत एक मत इतक्या सहजपणे मांडले जाते, आणि इतक्या सहजपणे मान्यही होते, की त्याला पुरावा मागण्याची गरज कोणालाच वाटत नाही. ते मत असे की, मनुष्य जिभेवर ताबा ठेवीत नाही आणि अंगमेहनत टाळतो, म्हणून त्याच्या अंगावर मेद चढतो. मेद चढला की रोग जडतो. सबब रोगाचे मूळ रोग्याच्या असंयमात आहे, त्यावर उपाय कमी खाणे आणि अधिक चालणे हाच आहे, आणि एवढी उघड गोष्ट कळण्यासाठी प्रयोगशाळांत उंदीर पोसून मेदपेशींची चिकित्सा करीत बसणाऱ्या संशोधकांवर सरकारी खजिन्यातून पैसा खर्च करण्याचे काही प्रयोजन नाही. हे मत गप्पांपुरते राहिले असते तर त्याचा प्रतिवाद करण्याची तसदी कोणी घेतली नसती. परंतु ते दवाखान्यात रुग्णाची हकीकत ऐकून घेण्यापूर्वीच निकाल सांगून मोकळे होते, पंगतीत एखाद्या स्थूल मुलीच्या पानाकडे पाहून बोलते, आणि संशोधनासाठी अनुदान मागितले गेले की त्या अर्जावर प्रतिकूल शेरा मारते. म्हणून त्याचा मुद्देसूद विचार करणे अगत्याचे आहे.

या मताचे तीन भाग पडतात. मेद हा उरल्यासुरल्या अन्नाचा निर्जीव साठा होय, हा पहिला. त्या साठ्याचे प्रमाण सर्वस्वी माणसाच्या इच्छाशक्तीवर अवलंबून असते, हा दुसरा. आणि मेदाचे शास्त्र ही परदेशातील सुखवस्तू समाजाची गरज असून साध्या राहणीच्या आपल्या लोकांना तिच्याशी कर्तव्य नाही, हा तिसरा. तिन्ही भाग एकमेकांच्या आधाराने उभे असल्याने प्रत्येकाची तपासणी स्वतंत्रपणे केली पाहिजे.

पहिल्या भागाची मांडणी वरकरणी तर्कशुद्ध दिसते. घरात धान्य जास्त आले की कणगी भरते, कमी आले की रिकामी होते, आणि कणगीला स्वतःचे मत नसते. तद्वत् मेदाचे आहे, असे हे लोक मानतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक वैद्यकशास्त्रही असेच मानीत होते, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. परंतु 1950 साली अमेरिकेतील मेन प्रांतात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेने उंदरांची एक जात जगापुढे मांडली, जिच्यातील काही पिले एका आनुवंशिक दोषामुळे अखंड खात सुटत आणि त्यांचे वजन सामान्य उंदराच्या कित्येक पट होई. पुढे त्याच प्रयोगशाळेत लठ्ठपणाला तीव्र मधुमेहाची जोड असलेली दुसरी एक जात सापडली. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने या दोन जातींवर जो प्रयोग केला तो तपशीलाने पाहण्याजोगा आहे. त्याने दोन उंदरांच्या कुशी एकमेकींस शिवून अशी जोडणी केली की एकाचे रक्त थोड्या प्रमाणात दुसऱ्याच्या अंगात खेळावे. दुसऱ्या जातीचा मधुमेही उंदीर सामान्य उंदराशी जोडला, तेव्हा सामान्य उंदराने खाणे टाकले आणि पुढ्यात अन्न असूनही तो उपासमारीने मेला. तोच मधुमेही उंदीर पहिल्या जातीच्या लठ्ठ उंदराशी जोडला, तेव्हा आजवर अखंड खाणारा तो लठ्ठ उंदीरही खायचा थांबला आणि मेला. कोलमनने यावरून अनुमान काढले की रक्तातून तृप्तीचा निरोप नेणारा एखादा पदार्थ असला पाहिजे. पहिल्या जातीला तो निर्माण करता येत नाही, तर दुसरी जात तो विपुल निर्माण करते, पण तिला तो ओळखता येत नाही. भूक ही केवळ सवय आहे असे मानणाऱ्या समकालीनांपैकी अनेकांना हे अनुमान पटले नाही. अखेरीस 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या जातीतील बिघडलेले जनुक हुडकून काढले. त्या जनुकापासून होणाऱ्या स्रावाला लेप्टिन हे नाव मिळाले, आणि हा स्राव निर्माण करणारे मुख्य ठिकाण मेदपेशी हेच निघाले.

ज्याला निर्जीव कोठार म्हणून हिणवले जात होते ते ऊतक मेंदूशी अहोरात्र पत्रव्यवहार करीत होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्याआधी एक वर्ष, म्हणजे 1993 साली, गोखान होतामिशलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवून दिले होते की लठ्ठ उंदरांचा मेद दाहकारक द्रव्ये सोडतो आणि त्यामुळे इन्शुलिनचे कार्य मंदावते. आणि 1995 साली फिलिप शेरर यांनी ज्या स्रावाचे वर्णन केले, आणि ज्याला आता ॲडिपोनेक्टिन म्हणतात, तो शरीरातील मेद वाढत जातो तसतसा घटत जातो. भुकेचे नियमन, दाहाचे नियमन आणि साखरेच्या वापराचे नियमन ही कामे ज्या ऊतकाकडे आहेत त्याला अवयव म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

तथापि प्रतिपक्ष म्हणेल की, अवयव म्हणा किंवा साठा म्हणा, तो वाढला की रोग होतो आणि घटला की रोग जातो, एवढे तरी खरे आहे. याला उत्तर म्हणून चार पुरावे एकापुढे एक ठेवतो.

पहिला असा. 2004 साली सॅम्युअल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरील कातडीखालची चरबी शस्त्रक्रियेने शोषून काढली. प्रत्येकीच्या अंगातून सरासरीने 9 ते 10 किलो मेद गेला. दहा-बारा आठवड्यांनी तपासणी झाली, तेव्हा इन्शुलिनला शरीराचा मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब किंवा रक्तातील दाहाच्या खुणा यांपैकी कशातही सुधारणा आढळली नाही. मेदाचे वजन हेच रोगाचे कारण असते तर हा निकाल असंभव होता.

दुसरा पुरावा याच्या उलट दिशेचा आहे. काही मुले जन्मतःच जवळजवळ मेदविरहित असतात. लोकमताच्या न्यायाने ती सर्वांत निरोगी असावयास हवीत. प्रत्यक्षात त्यांचे यकृत चरबीने भरून जाते, रक्तातील स्निग्धांश भयंकर वाढतो आणि लहान वयातच त्यांना दुर्धर मधुमेह जडतो. मेद ठेवण्याची हक्काची जागाच नसल्याने अन्नातील स्निग्ध पदार्थ यकृतात आणि स्नायूंत शिरतात. अशाच मेदविरहित उंदरांच्या अंगात 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी निरोगी मेदाचे रोपण केले, आणि त्यांचा मधुमेह हटला. मेद घातल्याने मधुमेह बरा झाला, हे वाक्य ज्याला अशक्य वाटते त्याने आपली मूळ समजूत पुन्हा तपासली पाहिजे.

तिसरा पुरावा शेरर यांच्याच प्रयोगशाळेतला, 2007 सालचा. मूळच्याच लठ्ठ उंदरांमध्ये ॲडिपोनेक्टिनची निर्मिती वाढविली, तेव्हा ते आणखी अवाढव्य झाले, परंतु त्यांच्या रक्तातील साखर सुधारली, कारण वाढलेली चरबी कातडीखालच्या मेदात नीट सामावली आणि यकृत मोकळे राहिले.

चौथा पुरावा सर्वांत जुना आहे. मार्सेयचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी 1947 सालीच नोंदविले होते की मांड्या आणि नितंब यांवर मेद असणाऱ्यांपेक्षा धडाच्या वरच्या भागात मेद असणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकार अधिक गाठतात.

या चारही पुराव्यांचा मेळ एकाच सिद्धान्ताने बसतो. कातडीखालच्या मेदपेशी अधिक स्निग्धांश सामावून घेऊ शकतात तोवर त्या शरीराचे रक्षण करतात. त्यांची क्षमता संपली, अथवा मुळातच ती अपुरी असली, म्हणजे स्निग्धांश पोटातील आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात उतू जातो, आणि रोगाला सुरुवात होते ती तेथे. ही क्षमता प्रत्येकाची निराळी असते. म्हणून शंभर किलोचा एखादा मनुष्य निरोगी राहतो आणि साठ किलोचा दुसरा इन्शुलिनच्या सुया टोचून घेतो. आक्षेपकांची कणगीची उपमा घ्यावयाचीच असेल तर ती पुरती घ्यावी: कणगी लहान असेल तर थोडेसे धान्यही माजघरात सांडते, आणि त्याचा दोष कणगी विणणाऱ्याचा असतो, जेवणाऱ्याचा नव्हे.

आता दुसरा भाग, म्हणजे असंयमाचा आरोप. 1997 साली केंब्रिजमध्ये स्टीफन ओरायली, सदफ फारुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील, परस्परांची चुलत-मावस भावंडे लागणारी दोन मुले आली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन 86 किलो होते, तर दोन वर्षांच्या मुलाचे 29 किलो. दोघांच्याही रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हते. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केली, तेव्हा तिची अनावर भूक ओसरली आणि वर्षभरात तिचे वजन सुमारे 16 किलोंनी उतरले. त्या वर्षात तिला कोणी संयमाचे प्रवचन दिले नव्हते; जो निरोप तिच्या मेंदूला जन्मापासून मिळालाच नव्हता तो फक्त पोचता केला होता. हा दोष अत्यंत विरळा आहे, आणि सर्वसाधारण लठ्ठ माणसाला लेप्टिन देऊन फारसा गुण येत नाही, कारण त्याच्या रक्तात ते आधीच भरपूर असते आणि मेंदू त्याला दाद देत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या मुलीच्या उदाहरणाने तत्त्व प्रस्थापित झाले ते कायमचे: भूक ही शरीराची आज्ञा आहे, आणि ती सर्वांना सारख्या आवाजात होत नाही. 1986 साली अल्बर्ट स्टंकार्ड यांनी डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या व्यक्तींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रौढपणी त्यांचा बांधा ज्यांच्या घरी ती वाढली त्या दत्तक आईबापांशी जुळला नाही, तर ज्यांना कदाचित त्यांनी पाहिलेही नव्हते त्या जन्मदात्यांशी जुळला. आपल्या चरकाचार्यांनीही अतिस्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, अव्यायाम आणि दिवसाची झोप यांच्या पंक्तीला बीजस्वभाव हे कारण बसविले आहे; परंपरेचा दाखला देऊन रोग्याला दूषण देणाऱ्यांनी तेवढा शब्द वाचताना गाळू नये.

येथे प्रतिपक्षाच्या बाजूचे जे सत्य आहे ते पुरते मान्य करतो. कमी खाल्ल्याने मधुमेह हटू शकतो, याचा भक्कम पुरावा आहे. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी ब्रिटनमध्ये 306 मधुमेही रुग्णांवर केलेल्या चाचणीचा पहिल्या वर्षाचा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तीन ते पाच महिने दररोज सुमारे 850 कॅलरींच्या आहारावर ठेवले त्यांच्यापैकी 46 टक्क्यांचा मधुमेह वर्षाअखेर औषधाविना आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण केवळ 4 टक्के होते. परंतु हा उपाय प्रवचनातून निघाला नाही. यकृत आणि स्वादुपिंड यांत साठलेला स्निग्धांश हेच रोगाचे बिऱ्हाड आहे, हे टेलर यांनी यकृताच्या आणि स्वादुपिंडाच्या प्रतिमा घेऊन वर्षानुवर्षे अभ्यासले, आणि त्या ज्ञानावर आहाराची मात्रा व मुदत बेतली. कमी खा, हा उपदेश जगात हजारो वर्षे होता. किती, किती काळ, कोणासाठी आणि का, हे सांगणारा उपचार संशोधनाने दिला. शिवाय त्या चाचणीतही निम्म्याहून अधिक रुग्णांचा रोग गेला नाही. त्या सगळ्यांना असंयमी ठरविण्याचा अधिकार कोणाला आहे?

तिसरा भाग आपल्या जिव्हाळ्याचा आहे, आणि तेथेच हे मत सर्वांत अधिक चुकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे 2023 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांनुसार या देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत आणि 13 कोटी 60 लाख लोक त्या उंबरठ्यावर आहेत. हा सगळा समुदाय खादाड आणि आळशी आहे असे म्हणणे हा आपल्याच लोकांवरचा अन्याय आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आपल्या मधुमेही रुग्णांत हीच विसंगती दिसली: पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनाप्रमाणे लठ्ठ नसलेले, कित्येक तर सडपातळच म्हणावेत असे स्त्रीपुरुष मधुमेहाने येत होते. ही विसंगती नजरेआड न करता त्यांनी तिचा छडा लावण्याचे ठरविले, आणि 1993 साली पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला.

त्या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे वजन सरासरी 42 किलोंच्या आसपास होते. शेतीची आणि घरची कामे त्यांच्या अंगावर असत. त्यांच्या पोटी जन्मलेल्या बाळांची मोजमापे जन्मानंतर 72 तासांच्या आत व्हावयाची होती. वजन, लांबी, डोक्याचा आणि पोटाचा घेर, दंडाचा घेर, आणि खांद्याच्या पात्याखाली कॅलिपरच्या चिमट्यात हलकेच धरलेल्या कातडीच्या घडीची जाडी, असा एकेक आकडा टिपला गेला. बाळांचे सरासरी वजन भरले 2.7 किलो, ज्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली ती 3.5 किलोंची होती. पुण्याकडची बाळे सर्वच मापांत लहान होती, आणि स्नायूंत व पोटातील इंद्रियांत तर फारच उणी. पण पात्याखालच्या त्या घडीची जाडी त्या मानाने कमी झालेली नव्हती. अन्नाची वाण असताना गर्भाने स्नायूंवर काट मारली आणि मेद मात्र राखला. नाळेच्या रक्तात लेप्टिन आणि इन्शुलिन तपासले, तेव्हा तीच साक्ष मिळाली. ज्या बाळाने अजून अन्नाचा एक घासही खाल्ला नव्हता त्याच्या अंगात भावी मधुमेहाची पूर्वतयारी झालेली होती. असंयमाचा आरोप या बाळावर कोणत्या कलमाखाली ठेवावयाचा?

डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी 1992 साली इंग्लंडमध्ये मांडलेल्या कल्पनेला, म्हणजे गर्भावस्थेतील कुपोषणातून प्रौढपणीचा मधुमेह उद्भवतो या विचाराला, आपल्या खेड्यांतून असा आधार मिळाला. पुढील तपासणीत सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. आणि ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-12 अपुरे होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्यावर समान ठरलेली दोन शरीरे आतून किती भिन्न असतात, याचा हा बिनतोड दस्तऐवज आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णांचे स्थूल आणि कृश असे दोन वर्ग केले असून त्यांची चिकित्साही निरनिराळी सांगितली आहे. आधुनिक निष्कर्ष प्राचीनांना अवगत होता असा दावा मी यावरून करीत नाही. रोग्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला कृश रोगी दिसतोच, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

चुकीच्या मताचे परिणाम व्यवहारात काय होतात, तेही पाहावे. सडपातळ शेतमजूर थकवा सांगत येतो, आणि तो लठ्ठ नाही म्हणून त्याची साखर तपासली जात नाही. तपासली जाते तेव्हा डोळे किंवा मूत्रपिंडे बिघडलेली असतात. स्थूल स्त्री गुडघेदुखी सांगत येते, आणि तिच्या प्रत्येक तक्रारीला वजन कमी करा हे एकच उत्तर मिळाल्याने ती दवाखान्याची पायरी चढणे सोडते. एकाला चुकीचे अभय मिळते, दुसरीला चुकीची शिक्षा मिळते, आणि दोघांच्याही शरीरातील मेदाचे खरे वर्तन अज्ञात राहते. भारतीय तज्ज्ञांनी 2009 साली एकमताने ठरविले की आपल्याकडे निर्देशांक 23 च्या पुढे गेला की वजन जास्त मानावे, 25 च्या पुढे लठ्ठपणा मानावा, आणि पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटर व स्त्रीचा 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरावी. हे आकडे मेदाच्या शास्त्रातून आले. कमरेभोवती टेप धरायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट उपदेशाच्या अर्ध्या तासापेक्षा रुग्णाच्या अधिक कामाचा आहे.

म्हणून माझे म्हणणे संक्षेपाने असे. मेद हा अवयव आहे. त्याचा रोग इतर अवयवांच्या रोगांप्रमाणेच अभ्यासाने समजून घेतला पाहिजे. आणि जो संशोधक आयुष्य वेचून हे काम करतो तो चैनीचा विषय हाताळीत नसून या देशातील कोट्यवधी घरांचा प्रश्न हाताळीत असतो. गर्भातल्या बाळापासून त्याच्या प्रौढपणापर्यंत पाठपुरावा करणारे अभ्यास तीस-तीस वर्षे चालतात. त्यांना दोन-तीन वर्षांच्या मुदतीच्या अनुदानांवर जगविणे म्हणजे उभ्या पिकाचे पाणी तोडणे आहे. सरकारने अशा अभ्यासांना कायमची तरतूद द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांत वजनाच्या नोंदीशेजारी कमरेच्या घेराची नोंद सक्तीची व्हावी. मुलींच्या आणि गर्भवतींच्या पोषणाच्या योजनांत लोह आणि फोलेट यांच्या जोडीला ब-12 चा विचार व्हावा. आणि ज्यांना मधुमेहावर व्याख्याने द्यावयाची आहेत त्यांनी रोग्याच्या पानातील पोळ्या मोजण्यापूर्वी त्याच्या आईला गर्भारपणात काय मिळाले होते, हे विचारावे. मधुमेहाची मोठी लढाई त्या वयात आणि त्या घरात जिंकावयाची आहे, आणि तेथे संयमाचा उपदेश करावा असे कोणी नसते. तेथे एक अपुरे जेवणारी मुलगी असते, जिला पोटभर आणि सकस अन्न देणे हे आपले कर्तव्य आहे.